त्रेपन्न वॅटचा माणूस

मे २०२४ च्या अखेरीस आमच्या नागपूरचा पारा ५६ वर गेला होता, आठवतं? म्हणजे गेला नव्हता, पण काही काळ आम्ही सगळे तो गेला असं समजून चाललो होतो. हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्राने ३० मे रोजी ५६ अंशांची नोंद केली आणि घरोघरचे फोन वाजू लागले. पुण्याच्या मेहुण्याने "शिजलात की जिवंत आहात?" असा खवचट निरोप धाडला. खरं सांगतो, आम्हाला भीती कमी आणि अभिमानच जास्त वाटला. उन्हाळ्याच्या बाबतीत तरी आम्ही पुण्या-मुंबईला ऐकून घेत नाही! मग खात्यानेच खुलासा केला की सेन्सर बिघडला होता, बाकी ठिकाणी पारा नेहमीसारखाच ४५ च्या आसपास होता. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ झालं होतं ते मात्र खरं. असो.

गंमत अशी की विजेवर चालणारे बरेचसे तापमापक तापमान मोजतच नाहीत. ते मोजतात विजेचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स. प्लॅटिनमच्या तारेचा नेहमीचा तापमापक घेतला तर शून्य अंशाला तिचा रोध १०० ओहम, ४५ अंशांना साधारण साडेसतरा जास्त आणि ५६ अंशांना पावणेबावीस जास्त. म्हणजे चार-सव्वाचार ओहमचा फरक पडला की अख्खं शहर उकळतं. एखादा सांधा सैल झाला तरी एवढा फरक पडू शकतो. त्या दिवशी तसंच झालं असं मी म्हणत नाही. पण कुठल्याही आकड्यापुढे हात जोडण्याआधी तो कशाला कशाने भागून आलाय ते बघावं, ही आमची बँकेतली जुनी खोड.

आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना कूलरचा शॉक बसला.

ज्यांनी विदर्भातला उन्हाळा काढला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा कूलर म्हणजे तुमच्या दुकानातली ती नाजूक प्लास्टिकची बाहुली नव्हे. चांगली पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, आत भला मोठा पंखा, खाली पाण्याची टाकी आणि ते पाणी ताट्यांवर चढवणारा मुठीएवढा पंप. मार्चमध्ये तो खिडकीशी बसतो आणि पाऊस येईपर्यंत घरातला कर्ता पुरुष तोच. आता हे सगळं एकत्र बघा: लोखंडी पत्रा, पाणी, वीज, आणि रोज त्यात बादलीने पाणी ओतणारी माणसं. एखाद्याने मुद्दाम माणसं मारायचं यंत्र बनवायला घेतलं असतं तर तेही बहुतेक असंच दिसलं असतं.

आमचा कूलर दोन-तीन उन्हाळ्यांपासून "थोडा करंट मारते" हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर आमचा उपाय काय? तर त्याला हात लावायचा तो चप्पल घालून! नागपुरातल्या निम्म्या घरांत हेच शास्त्र चालतं. माझ्या लहानपणी महालातल्या भाड्याच्या घरात कूलरशेजारी लाकडी पाट ठेवलेला असायचा. पाटावर उभं राहायचं, मग पाणी भरायचं. आईने शिकवलेल्या अनेक गोष्टींसारखं हेही मी कधी तपासून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मावशी हॉलची लादी पुसत होत्या. ओल्या हाताने टाकीच्या कडेला आधार घेतला आणि हात तिथेच चिकटला. तोंडातून शब्द नाही. फक्त एक विचित्र घर्र असा आवाज आला. आमचे चिरंजीव नशिबाने बटणाजवळच मोबाईल चार्जिंगला लावत होते, त्यांनी बटण खाली केलं. मावशी मागे कोसळल्या. दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, ठीक निघाला. रात्री त्यांना घरी सोडून आलो आणि दुसऱ्या दिवशी त्या बरोबर नऊ वाजता कामावर हजर. "काही नाही झालं भाऊ, हात तेवढा दुखून राह्यला."

बायको म्हणाली, "अहो मावशी, चप्पल घालून हात लावायचा असतो ना त्याला!"

मावशी नुसत्या हसल्या. त्यांच्या चपला नेहमीप्रमाणे दाराबाहेर होत्या. गेली सात वर्षं त्या आमच्या घरात अनवाणीच वावरतात. दाराबाहेर चप्पल काढायला आम्हीच सांगितलेलं, आणि कूलरचं चपलेचं शास्त्र त्यांना सांगायचं मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. बायको एकदम गप्प झाली. मीही.

त्या रात्री झोप येईना तेव्हा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी एक भागाकार केला. नववी-दहावीत केलेला आणि त्यानंतर आजतागायत कधीही न केलेला. व्होल्टेज भागिले रोध म्हणजे धारा. घरातलं व्होल्टेज २३०. कोरड्या कातडीच्या माणसाचा रोध दहा-वीस हजार ओहमपासून लाखभर ओहमपर्यंत काहीही असतो, पण हात ओले, पाय अनवाणी आणि फरशीही ओली असेल तर तो हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले १०००. उत्तर ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर.

हे थोडं की फार? एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहा-पंधराच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तिसाच्या पुढे श्वासाचं काही खरं नाही, आणि पन्नास ते शंभरात हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. इथे उत्तर आलंय २३०. मावशींच्या अंगातून तेवढी गेली नसावी. पंपाच्या तारेचं आवरण टाकीच्या कडेला घासून अर्धवटच सोललं होतं, हे नंतर कळलं. पण हात चिकटण्याइतकी नक्की गेली होती. उरलेलं काम करायला तारेला अजून एखादा महिना लागला असता.

मग दुसरा गुणाकार केला. धारा गुणिले व्होल्टेज म्हणजे शक्ती. ०.२३ गुणिले २३०, म्हणजे ५२.९. त्रेपन्न वॅट धरा.

या आकड्यावर मी बराच वेळ थांबलो. कारण घरात एमसीबी आहे, काही झालं तर ट्रिप होईल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आमच्या हॉलच्या लाइनवरची एमसीबी १६ अँपिअरची. सोळा अँपिअरच्या आतबाहेर काही झालं तर ती बघणार. शॉक लागून तडफडणारा माणूस तिला दिसतो कसा? तर त्रेपन्न वॅटचा एक दिवा, कुणीतरी आत्ताच लावलेला. दिवा लावल्यावर एमसीबीने पडायचं नसतं, म्हणून ती पडत नाही. ती तिचं काम अगदी चोख करते. तिचं काम तारा जळण्यापासून वाचवायचं आहे, माणसाला वाचवायचं नाही. हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. आणि दहावीला विज्ञानात मला १५० पैकी १३१ होते!

आता शाळेबद्दल बोलायलाच हवं. ओहमचा नियम आम्हाला शिकवला गेला, नाही असं नाही. फळ्यावर त्रिकोण काढला होता. वर व्ही, खाली आय आणि आर. जे काढायचं त्यावर अंगठा ठेवा, उरलेलं उत्तर. छान युक्ती आहे, अजूनही ट्यूशन क्लासेसमध्ये चालते. पण त्या त्रिकोणामुळे एक गोष्ट झाली. भागाकार पाठ झाला आणि आपण काय कशाने भागतोय ते विसरलं. प्रॅक्टिकलची तर और तऱ्हा. एक व्होल्टमीटर, एक अ‍ॅमीटर, एक धारानियंत्रक आणि भोवती पंधरा पोरं. काटा कुणालाच नीट दिसत नसे. मग आधी उत्तर ठरायचं, उत्तरावरून निरीक्षणं लिहायची आणि आलेखाची रेघ इतकी सरळ यायची की खुद्द ओहमलाही हेवा वाटावा.

त्या बिचाऱ्याची रेघ सहजी सरळ आली नव्हती. गेओर्ग सायमन ओहम हा कुलपं-किल्ल्या करणाऱ्या कारागिराचा मुलगा, कोलोनच्या एका शाळेत मास्तर. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज काम करता करता उतरायचं, म्हणून त्याने दोन धातूंच्या सांध्यांना वेगवेगळ्या तापमानाला ठेवून वीज मिळवली, म्हणजे मग ती स्थिर राहिली. १८२७ साली पुस्तक काढलं तेव्हा त्याच्या देशातल्या विद्वानांनी फारसं मनावर घेतलं नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं तेव्हा कुठे कदर झाली. एका शाळामास्तराने एवढ्या चिकाटीने हातात दिलेला भागाकार आपण अंगठ्याखाली झाकून ठेवला.

हे लिहिल्यावर माझे एक निवृत्त इंजिनियर मित्र (रोज सकाळी अंबाझरीला फिरायला बरोबर असतात) लगेच म्हणणार, "अहो, इतकं सोपं नसतं ते." बरोबर आहे त्यांचं. त्यांच्याच सांगण्यावरून मी नंतर वायरमनचा क्लॅम्प मीटर मागून घेतला आणि कूलर मोजला. व्होल्टेज २३०, धारा ०.९ अँपिअर. भागाकार करा, रोध येतो २५५ ओहम. मग प्लग काढून मल्टिमीटरने प्लगच्याच दोन पिनांमध्ये रोध मोजला तर तो जेमतेम ३० ओहम! म्हणजे ओहमचा नियम खोटा? नाही. फिरती मोटर ही नुसती तार नसते. गुंडाळीत चुंबकत्व असतं, फिरताना ती स्वतःच उलटा जोर लावते आणि धारा अडवून धरते. पंख्यात काही अडकून मोटर जाम झाली की तो उलटा जोर जातो, धारा कितीतरी वाढते आणि थोड्याच वेळात जळका वास येतो. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने पंप अडकले की ते जळतात ते याचमुळे. शक्तीचंही तेच. २३० गुणिले ०.९ म्हणजे २०७, पण मोटरच्या बाबतीत एवढे सगळे वॅट मीटरवर पडत नाहीत. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर १६५ च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर दोन युनिट. महिन्याला साठ. (कूलरमुळेच बिल वाढतं असं म्हणणाऱ्या आमच्या सौ.ना हा कागद दाखवला. त्यांनी तो भाजीच्या पिशवीत टाकला.)

साध्या दिव्याचंही असंच आहे. १०० वॅटचा जुना पिवळा दिवा जळताना ५२९ ओहमचा, आणि विझलेला थंडगार मोजला तर चाळीसच्या आतबाहेर. माणसाचा रोधही घामाने, ओलाव्याने, धक्का किती वेळ बसला त्यावर बदलतो. हे सगळं मान्य. पण मित्रहो, कूलरला हात लावायचा की नाही हे ठरवायला मला तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत उत्तर नकोय. उत्तर १५० आलं काय आणि ३०० आलं काय, दोन्हींत माणूस मरतो आणि दोन्हींत एमसीबी झोपलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो म्हणजे, लोकांना असलं काही शिकवू नये, अर्धवट ज्ञानाने ते स्वतःच बोर्ड उघडून बसतील. मला हा आक्षेप पूर्वी पटायचा. आता पटत नाही, कारण लोक बोर्ड उघडून बसलेलेच आहेत! मार्च-एप्रिलच्या एखाद्या रविवारी आमच्या प्रतापनगरातून एक चक्कर मारा. घरटी एक माणूस पेचकस घेऊन कूलरवर वाकलेला दिसेल. प्लग नाही म्हणून दोन नागड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकणारे आहेत. तिसरी पिन बसत नाही म्हणून ती पकडीने तोडणारे आहेत. अर्धवट ज्ञान आधीच घरोघर पोचलंय, फक्त त्यातला भागाकार तेवढा पोचायचा राहिलाय.

आणि अर्धवट ज्ञानच म्हणायचं तर आमच्या वायरमनचं ऐका. भला माणूस, वीस वर्षं हेच काम. त्याने सॉकेट उघडलं. तिसरं मोठं भोक होतं, पण त्याच्यामागे काहीच नव्हतं. हिरवी तार भिंतीतून येऊन बोर्डात नुसतीच गुंडाळून ठेवलेली. घर बांधताना ज्याने वायरिंग केलं त्याने भोक दिलं, तारही दिली, दोघांची गाठ घालायची तेवढी राहिली! सतरा वर्षं आम्ही तिपिनी प्लग अगदी निष्ठेने त्या भोकात खुपसत होतो. वायरमनने ती तार जोडली आणि म्हणाला, "आता पाहा भाऊ." शंभराचा दिवा घेतला, एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला. दिवा लख्ख पेटला. "झालं. अर्थिंग एकदम पक्की."

मला समाधान वाटलं. पण हातात कॅलेंडर होतंच. आमचा अर्थिंगचा खड्डा घराच्या मागे, आणि मे महिन्यात आमची काळी माती कशी होते ते नागपूरकरांना सांगायला नको. हात जाईल एवढ्या भेगा. माती सुकली की तिचा रोध वाढतो. समजा, त्या खड्ड्याचा रोध ५० ओहम झालाय. दिव्याचे ५२९ आणि हे ५०, एकूण ५७९. धारा ०.४ अँपिअर, दिव्याला मिळाले २१० व्होल्ट. पेटणारच लख्ख, डोळ्याला फरक काय कळणार? पण दिव्याच्या जागी कूलरची फेजची तार पत्र्याला चिकटली तर? २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. सोळाची एमसीबी पडत नाही. पत्रा तसाच, जवळजवळ २३० व्होल्टवर, तुमची वाट बघत. खड्ड्यापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या वाटेचा रोध एखादाच ओहम असता तर २३० अँपिअर धावले असते आणि एमसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पडली असती. म्हणजे ज्या महिन्यात कूलर रात्रंदिवस चालतो, नेमक्या त्याच महिन्यात आमची अर्थिंग सगळ्यात अशक्त असते. जुनी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात वरून पाणी ओतायची ते काही अंधश्रद्धेपोटी नव्हे.

"पण करंट तर सोप्या वाटेनं जाते ना भाऊ," वायरमन म्हणाला, "अर्थिंगची वाट असल्यावर तो माणसातून कायले जाईन?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मला तरी यापेक्षा घातक अर्धसत्य माहीत नाही. करंट सगळ्याच वाटांनी जातो. ज्या वाटेला जेवढा रोध त्या मानाने. ५० ओहमच्या खड्ड्यातून ४.६ अँपिअर, आणि त्याच वेळी पत्र्याला टेकलेल्या हजार ओहमच्या माणसातून त्याचे ठरलेले ०.२३. माणसाच्या वाट्याला अर्थिंगने काही सूट दिली नाही.

त्याच्या खिशातला टेस्टर घेऊन मी त्याला विचारलं, हा तू दिवसातून पन्नास वेळा फेजला लावतोस, बोट वरच्या टोपीला. तुला शॉक का नाही बसत? तो म्हणाला, टेस्टर आहे ना! टेस्टरमध्ये मेगाओहमचा, म्हणजे दहा लाख ओहमचा एक इवलासा रोध असतो. २३० भागिले दहा लाख, पाव मिलिअँपिअरसुद्धा नाही. आतला निऑन मिणमिणायला तेवढं पुरतं आणि आपल्याला कळतही नाही. वर तेच २३०. खाली दहा लाख असेल तर टेस्टर, हजार असेल तर मयत, एक असेल तर एमसीबी पडते. वायरमन बराच वेळ टेस्टरकडे बघत राहिला. त्याला हे वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आयटीआयमध्ये त्रिकोण शिकवला होता, म्हणाला.

मग आम्ही आरसीसीबी बसवली. ही वेगळ्या तऱ्हेची चौकीदार आहे. किती धारा गेली हे ती बघत नाही, गेलेली सगळी परत आली का एवढंच बघते. फेजमधून गेली तेवढी न्यूट्रलमधून परत यायला हवी. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी, कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेली, की सेकंदाच्या अंशात सगळं बंद. बँकेतल्या माणसाला ती लगेच आवडली. दिवसाअखेर ताळा जुळला नाही तर शटर खाली! अर्थिंग धड नसली तरी ती माणसाला वाचवते, हे तिचं मोठेपण. दर महिन्याला तिचं टेस्टचं बटण तेवढं दाबून बघायचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतसुद्धा गळतीपासून संरक्षणाची तरतूद होती. पण जुन्या घरांत जाऊन ते कोण बघतो?

सोळा किलोमीटरच्या आतबाहेर आमच्याकडे कोराडी आहे. १९७४ पासून तिथे वीज तयार होते. तिथल्या लोकांना हा गुणाकार-भागाकार पक्का येतो. वीज लांब न्यायची तर व्होल्टेज लाखांत चढवतात. व्होल्टेज हजारपट केलं की तेवढ्याच शक्तीला धारा हजारावा भाग पुरते, आणि तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाने ठरते म्हणून ती दहा लाखावा भाग होते. त्याच वर्गामुळे आपल्या घरी उलटं होतं. दोन हजार वॅटचा गिझर ८.७ अँपिअर खेचतो. प्लगची पिन सैल असली आणि त्या सांध्यात एकच ओहम रोध आला, तर तेवढ्या चिमूटभर जागेत ७० वॅटच्या वर उष्णता. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. म्हणजे असे जवळजवळ तीन तुमच्या सॉकेटात तापत ठेवलेत! काळा पडलेला प्लग बघून आपण म्हणतो, कंपनी चांगली नाही.

एवढा सगळा हिशोब कोळशाच्या ढिगापासून आमच्या मीटरपर्यंत कुणी ना कुणी करतो. मीटरच्या अलीकडे आला की तो थांबतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशात विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा आकडा १२ हजारांच्या वर आहे. दर उन्हाळ्यात आमच्या पेपरात आतल्या पानावर एका कॉलमची बातमी असते: कूलरमध्ये पाणी भरताना अमुक तमुकचा मृत्यू. नाव बदलतं, वस्ती बदलते. बातमीत व्होल्टेज नसतं, अर्थिंग होती का ते नसतं. "दुर्दैवी" हा शब्द मात्र नेहमी असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा भागाकार शाळेत माणसावर करून दाखवावा. दिव्याची, इस्त्रीची उदाहरणं घालतात, घालू द्या. नववीच्या पुस्तकात धाराविद्युतचा धडा आहे, दहावीच्या पुस्तकात विद्युतधारेचे परिणाम आहेत. त्यात एक उदाहरण असं हवं: ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईचा रोध १००० ओहम आहे, घरातली एमसीबी १६ अँपिअरची आहे, तर एमसीबी पडेल का? दोन गुण. विदर्भातल्या मुलाला ते उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सोडवायला लावावं आणि घरच्या कूलरचा प्लग उघडून तिसरी तार आहे का ते वहीत लिहून आणायला सांगावं. (घरच्यांच्या देखत आणि मेन स्विच बंद करून, हे इंजिनियर मित्रांच्या समाधानासाठी.)

यापुढचं मावशींमुळे घडलं. आमच्याकडचं सगळं काम त्यांनी लादी पुसता पुसता पाहिलं होतं. दोन दिवसांनी म्हणाल्या, "आमच्या घरचाही पाहून द्या ना भाऊ. तो तर तुमच्यापेक्षा जास्त मारते." वायरमनला घेऊन गेलो. भाड्याची एक खोली, विटांवर ठेवलेला पत्र्याचा कूलर, प्लगच्या जागी दोन तारा आणि काड्या. तिसरी तार खोलीतच काय, अख्ख्या इमारतीत नव्हती. मावशींची धाकटी मुलगी नववी पास होऊन दहावीत गेलेली. मी वही मागितली तर तिनेच पेन घेतलं आणि कोपऱ्यात तो त्रिकोण काढला. म्हटलं, वर २३० घे, खाली १०००. तिने भागाकार केला आणि विचारलं, "काका, हा हजार कोणाचा?"

"तुझ्या आईचा," मी म्हणालो.

तिने वही मिटली नाही. त्याच पानावर आपणहून दुसरा आकडा मांडला, धाकट्या भावासाठी. लहान मुलाचा रोध कमी असतो की जास्त, असं तिने विचारलं. मला नीट उत्तर देता आलं नाही, पाय ओले असले तर तोही हजारच धर म्हणालो.

त्या दिवशी प्लग बसवला, तारेचा सोललेला भाग कापून नवी तार घातली. आरसीसीबी लावायची तर मीटरच्या पेटीला हात लावायला घरमालकाची परवानगी हवी, आणि ते "पाहू" म्हणाले. त्यांचं पाहून होईपर्यंत दोन महिने आणि चार चकरा गेल्या. शेवटी खोलीपुरती आतल्या बोर्डावर लावून घेतली. तोवर पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, असं मुलीने कूलरवरच खडूने लिहून ठेवलं होतं. ताट्यांचं पाणी उडून ते रोज पुसलं जायचं आणि ती रोज पुन्हा लिहायची.